बावीस छत्र्या

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेला आठवडाभर एक वाद चाललाय. वाचनालयाच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा गोष्टींचा तास असतो, तो मी आणि अजून दोघीजणी मिळून घेतो, आणि आता जूनपासून दर महिन्याला एक थीम धरायची, थीमला धरून गोष्टी सांगायच्या आणि शेवटी एक क्राफ्ट करायचं असं ठरलं. झालं. एका बाजूने "हे थीम-बीम इंग्लिश मिडियमचे नखरे, आमच्या आजीला गोष्ट सांगायला कधी कार्डपेपर लागला नव्हता" हे सुरू झालं. दुसऱ्या बाजूने "आजची मुलं नुसती गोष्ट ऐकत बसत नाहीत हो, ॲक्टिव्हिटी पाहिजेच, आणि हातात काहीतरी घेऊन घरी आली पाहिजेत". मग नेहमीप्रमाणे मोबाईल आला, संस्कार आले, मराठी शाळा आल्या, मध्येच कुणीतरी सुप्रभातचा फोटो टाकला, आणि थीम कुठली घ्यायची, मुलांनी नक्की करायचं काय, हे कुणी विचारलंच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. थीम घ्यावी, क्राफ्टही करावं, त्यात परकं असं काही नाही. पण थीम गोष्टीच्या पोटातून निघाली पाहिजे आणि क्राफ्ट मुलाच्या हातून झालं पाहिजे, कितीही वेडंवाकडं झालं तरी. ही दुसरी अट जमत नसेल तर क्राफ्ट सरळ रद्द करावं आणि अजून एक गोष्ट सांगावी, कुणाचं काही बिघडत नाही.

हे शहाणपण मला उपजत नव्हतं हे कबूल करते. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी 'पाऊस' अशी थीम घेतली होती. आदल्या रात्री जेवणं आटपल्यावर बसून बावीस छत्र्या कापल्या, सहा पाकळ्यांच्या, रंगही ठरवून, बावीस दांडे, बावीस थेंब, सगळं मापात. दुसऱ्या दिवशी गोष्ट घाईघाईत उरकली कारण क्राफ्टला वेळ कमी पडेल अशी धाकधूक होती. मुलांनी फक्त माझ्या खुणेवर फेव्हिकॉल लावायचा होता, आणि ज्याचं वाकडं लागलं त्याचं मी हळूच काढून सरळ करत होते. फोटो झक्क आला. निघायच्या वेळी टेबलावर बावीस छत्र्या वाळत पडलेल्या आणि एक साडेचार वर्षांची मुलगी त्यांच्याकडे बराच वेळ बघत उभी. म्हणाली, "काकू, ह्यातली माझी कुठली?" मागे नावं घालायची राहिली होती. मला सांगता येईना, तिला ओळखता येईना. मी एक उचलून दिली, तिने घेतली. रात्री खाली दिवे बंद करायला गेले तर ती छत्री चपलांच्या स्टँडवर पडलेली होती.

तर आता आजीच्या मुद्द्याकडे. आजीला थीम लागत नव्हती हे खरंच आहे का? श्रावण आठवून बघा. रविवारी आदित्यराणूबाईची कहाणी, सोमवारी शिवामूठ आणि तिची कहाणी, मंगळवारी मंगळागौर, बुधवारी-गुरुवारी बुध-बृहस्पती, शुक्रवारी जिवती. वाराप्रमाणे गोष्ट ठरलेली आणि गोष्टीबरोबर हातात काय असणार तेही ठरलेलं. कहाणी ऐकताना मुठीत अक्षता धरायच्या. शिवामुठीचं धान्यसुद्धा दर सोमवारी वेगळं, तांदूळ, मग तीळ, मग मूग, मग जव. नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढायचे, आणि आमच्या घरी ते काम आम्हा पोरांकडे असायचं, त्यामुळे एखाद्या वर्षी नागाला मिशाही यायच्या. आता याला थीम म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आजीचं नियोजन आपल्याला दिसलं नाही कारण ते पंचांगातच आखून ठेवलेलं होतं. तिला वेगळी वही घालावी लागली नाही, एवढाच फरक. आपल्याला लागते, कारण आपल्या खोलीत जमणारी मुलं वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या धर्मांची, वेगवेगळ्या गावांहून आलेल्या आईबापांची असतात आणि त्या सगळ्यांचा एकच श्रावण नसतो.

याहून चांगलं उदाहरण हवं असेल तर दिवाळीचा किल्ला घ्या. माझ्या मते लहान मुलांसाठी गोष्ट आणि हस्तकला एकत्र बांधायचा याच्याइतका झकास प्रकार जगात फार कमी ठिकाणी असेल. विटा आणा, दगड आणा, पोतं चिखलात बुडवून वर टाका, बुरूज करा, तळं करा, उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरा म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत झाडी उगवते, आणि मग मावळ्यांची चित्रं मांडा. आणि हे चालू असताना कुणीतरी दादा, कुणीतरी काका १६७० चा सिंहगड सांगत असतो, तानाजी कुठल्या कड्यावरून चढला ते समोरच्या मातीवरच बोट ठेवून दाखवतो, मग "कडा अजून उभा पाहिजे" म्हणून कुणीतरी ती बाजू पुन्हा लिंपतो. गोष्टीमुळे किल्ला बदलतो आणि किल्ल्यामुळे गोष्टीत प्रश्न येतात. पाणी कुठून आणायचे? दरवाजा एवढा लहान का? आणि आता त्याचं काय झालंय तेही बघा. बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात, रंगवलेले, खिडक्या-बिडक्यांसकट, आणायचा आणि दारात ठेवायचा. दिसायला पोरांच्या किल्ल्यापेक्षा दसपट सुबक. गोष्ट तीच आहे, थीम तीच आहे, परंपराही तीच म्हणा हवं तर, फक्त मुलाला करण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणजे देशी-विदेशी हा मुद्दाच नाही. अस्सल मराठी थीमचीसुद्धा बावीस छत्र्यांसारखी अवस्था होऊ शकते.

"पण हे सगळं बाहेरून आलंय" असं म्हणणाऱ्यांना मी गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांची आठवण करून देईन. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केलं ते इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंचं लेखन वाचून भारावून. पण माँटेसरीबाईंना अगदी लहान मुलांना पऱ्या-राक्षसांच्या गोष्टी सांगणं पसंत नव्हतं, मुलांना आधी खरं जग कळू द्या असं त्यांचं म्हणणं. गिजुभाईंनी साधनं घेतली, स्वातंत्र्याचा विचार घेतला, आणि गोष्टीच्या बाबतीत मात्र ऐकलं नाही, गोष्ट थेट मधोमध आणून बसवली. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, मग १९५७ मध्ये तिथल्याच कोसबाडला, सोबत अनुताई वाघ. तिथे पाड्यावरची वारली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, आणि महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, गोटे आले. अंगणवाडी हा शब्द तिथला, १९७५ च्या सरकारी योजनेतून तो पुढे देशभर गेला. या माणसांनी "हे आपलं की त्यांचं" यावर ग्रुपवर भांडत बसायचं ठरवलं असतं तर? बाहेरचं घ्यायला त्यांना लाज वाटली नाही आणि घेतलेलं मोडून-तोडून आपल्या अंगणात बसेल असं करायलाही भीती वाटली नाही.

दुसऱ्या बाजूला, म्हणजे ॲक्टिव्हिटीवाल्या बाजूला, सांगण्यासारखी हकीकत जर्मनीची आहे. फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांची शाळा काढली, तीन वर्षांनी तिला बालोद्यान या अर्थाचं किंडरगार्टन हे नाव दिलं. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, कागद घडी घालणं, कागदाला टाचणीने भोकं पाडणं, पट्ट्या विणणं, हे सगळं त्याने मुलांच्या हाती दिलं, आपण शाळेत केलेली रंगीत पट्ट्यांची कागदी चटई त्याच परंपरेतली. कल्पना काय सुंदर, की मूल हाताने विचार करतं. पण तो १८५२ मध्ये गेला आणि त्याच्या मागे अनेक अनुयायांनी त्याची पुस्तकं, क्रम, पायऱ्या करून टाकल्या, आज ही घडी, उद्या ती घडी, सगळ्यांची सारखी, रेषेवर. खेळाचा हळूहळू कवायतीत कायापालट झाला. आज प्रिंटआउट काढून, लॅमिनेट करून, मधमाशीला हलणारे डोळे चिकटवणारे आपण त्याच कवायतीत आहोत, फक्त आपल्याकडे ग्लिटर आहे.

आता ॲक्टिव्हिटीवाल्यांचे मुद्दे मी हलके समजत नाही, त्यातले काही अगदी खरे आहेत. तीन वर्षांच्या मुलाला कात्री चालत नाही. एका ताईकडे तीस मुलं असतील आणि मदतीला कुणी नसेल तर ती कापून ठेवलेले तुकडेच देणार, तिला वरून उपदेश करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. फी घेऊन वर्ग चालवणाऱ्या बाईला आईवडील विचारतात "आज काय केलं?", आणि "गोष्ट ऐकली" हे उत्तर त्यांना पुरत नाही, तिचंही पोट आहे. हे सगळं मान्य. पण यातून निघतं काय? मुलाला कापता येत नसेल तर कापायचं नाही असं क्राफ्ट निवडा, एवढंच ना? फाडता येतं, चुरगाळता येतं, थापता येतं, ठसे उमटवता येतात, ओतता तर फारच छान येतं. तीस मुलं असतील तर तीस पुडकी बनवण्यापेक्षा चौघांत एक ताट द्या, ताटात चिंचोके, पानं, दोऱ्याचे तुकडे, जुन्या लग्नपत्रिका, वाटीत कणकेची खळ. तीस छत्र्या कापण्यापेक्षा याला तयारी कमी लागते हे मी अनुभवाने सांगते. आणि नमुना दाखवू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात अवघड, कारण आपला हात शिवशिवतो. पण एकदा का काकूंनी केलेली सुबक छत्री भिंतीवर लागली की खोलीतल्या प्रत्येक मुलाला कळतं की बरोबर उत्तर एकच आहे आणि ते काकूंकडे आहे.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे आणि तो ग्रुपवर कुणी नीट मांडलाच नाही, माझ्यापुढे तो आमच्यातल्याच बालवाडीच्या एका निवृत्त बाईंनी मांडला. त्या म्हणाल्या, गोष्ट संपल्यावर मूल काही क्षण तिथेच असतं, त्या जंगलात, त्या म्हातारीबरोबर. तुम्ही तेवढ्यात "चला आता गोल बसा, ब्रश घ्या" म्हणता आणि त्याला हाताला धरून बाहेर ओढता. गोष्टीला क्राफ्टची शेपटी कशाला? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि काही गोष्टींच्या बाबतीत त्या शंभर टक्के बरोबर आहेत. अंगावर काटा आणणारी गोष्ट, कुणी हरवल्याची, कुणी मेल्याची गोष्ट, तिच्यानंतर कागद चिकटवायला लावणं मला तर दुष्टपणाच वाटतो. तिथे दिवा मंद ठेवावा, पाणी प्यायला द्यावं आणि घरी सोडावं. पण सगळ्या गोष्टी तशा नसतात. काही गोष्टी मुळातच करण्याच्या असतात, ऐकता ऐकता पोरं उठून टुणूक टुणूक करायला लागतात, त्यांना बसवून ठेवणं हा उलटा जुलूम. कुठली गोष्ट कुठल्या जातीची हे ओळखणं हेच थीम ठरवणाऱ्याचं काम आहे. कॅलेंडर बघून 'जुलै : पाऊस' लिहिणं आणि मग पावसाच्या तीन गोष्टी शोधणं म्हणजे काही थीम नव्हे, बटण सापडलं म्हणून त्याला शर्ट शिवणं आहे ते.

त्यावर आम्ही मागच्या पावसाळ्यात काय केलं ते सांगते, म्हणजे माझं म्हणणं हवेत राहणार नाही. गोष्ट घेतली सगळ्यांच्या ओळखीची, चिमणी आणि कावळ्याची. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं घर शेणाचं, मोठ्ठा पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं, मग "चिमणीताई चिमणीताई दार उघड" आणि "थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते". आता या गोष्टीच्या पोटात काय आहे? घर आहे, पाऊस आहे, आणि एक साधा प्रश्न आहे जो आपण लहानपणापासून ऐकूनही कधी विचारला नाही, मेणाचं घर वाहून का गेलं नाही? म्हणून थीम 'घर' आणि साहित्य फक्त चार वस्तू. ओली माती, जुन्या खोक्यांचे पुठ्ठे, देवघरातल्या उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे, आणि पाण्याची झारी. (शेण आणायचा विचार मनात आला होता, कमिटीची आठवण आली आणि सोडून दिला.) गोष्ट सांगायला दहा मिनिटं, दारावरची टकटक मुलांनीच करायची. मग पुठ्ठ्यावर मेणबत्ती जोरात घासायची आणि थेंब सोडून बघायचा. घासलेल्या जागी थेंब मोत्यासारखा घरंगळतो आणि न घासलेल्या जागी पुठ्ठा पाणी पिऊन काळवंडतो. हे कळल्यावर त्या खोलीत जो काही गलका झाला, तो मी कुठल्याच छत्रीच्या वेळी ऐकला नव्हता. मग घरं. काहींनी मातीची, काहींनी मेण घासलेली, दोन भावांनी मिळून अर्धं-अर्धं. बाहेर पॅसेजमध्ये नेऊन पाऊस पाडायचा.

साडेतीन वर्षांच्या एका मुलीने घर केलंच नाही. मातीचे सात-आठ गोळे केले, ओळीत मांडले. विचारलं तर म्हणाली, ही पिल्लं, ह्यांची आंघोळ राहिलीय. आणि झारी उचलून गंभीरपणे एकेकाला आंघोळ घालायला लागली. पिल्लं अर्थातच विरघळली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा चिखलाकडे, आणि म्हणाली, "म्हणून चिमणी दार उघडत नव्हती. उशीर लागतो."

मी सांगितलेल्या गोष्टीत हे नव्हतं, माझ्या वहीतही नव्हतं. मोठी माणसं या गोष्टीवरून पिढ्यानपिढ्या चिमणीला स्वार्थी तरी ठरवतात नाहीतर कावळ्याला आळशी तरी, तात्पर्य काढल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, आणि इथे एक मूल हात चिखलात घालून बाळाला आंघोळ घालणाऱ्या आईच्या जागी जाऊन बसलं होतं. नुसती गोष्ट ऐकून ती तिथे पोचली असती का? असतीही कदाचित. पण कापलेली चिमणी दिली असती आणि खुणेवर चोच चिकटव म्हटलं असतं तर नक्कीच पोचली नसती.

थीमचा अजून एक फायदा आहे जो आपल्याला इथे बसून कळत नाही. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिकडच्या मराठी शाळेत रविवारी लहान गट घेते. मुलांच्या कानावर मराठी आठवड्यातून तेवढेच दोन तास सलग पडतं. ती म्हणते, एकाच विषयाच्या गोष्टी ओळीने चार रविवार घेतल्या की 'भिजणं', 'गळणं', 'चिखल', 'छप्पर' हे शब्द परत परत येतात आणि हातात माती असताना आले की टिकतात. हे मला पटतं, आणि खरं तर इथल्या मुलांनाही लागू आहे, आमच्या खोलीतल्या निम्म्या मुलांना 'घरंगळणं' हा शब्द त्या थेंबामुळे मिळाला. सरकारच्या २०२२ च्या पायाभूत टप्प्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातसुद्धा तीन ते आठ वयाच्या मुलांनी खेळातून, गोष्टींतून, हाताने करून शिकावं असंच म्हटलंय, त्यामुळे येत्या काळात सगळीकडे गोष्ट आणि कृती यांची चलती असणार हे उघड आहे. म्हणूनच आत्ता भांडायचं तर नीट भांडूया. सगळ्यांच्या हातात तयार किल्ले येणार की माती, हा वाद आहे.

आईबाबांच्या "घरी काय आणणार?" या प्रश्नाचं काय? तो प्रश्न मला पूर्वी जाचक वाटायचा, आता तितका वाटत नाही. पोराच्या दिवसात काय झालं हे जाणून घ्यायची त्यांची धडपड असते ती, आणि वस्तू हा त्यातल्या त्यात सोपा पुरावा. म्हणून आम्ही आता वस्तूऐवजी एक ओळ पाठवतो, आज कुठली गोष्ट झाली आणि रात्री मुलाला काय विचारता येईल. काही जण विचारतात, काही जण अंगठा टाकून सोडून देतात, चालायचंच. फोटो मात्र पूर्वीसारखे झक्क येत नाहीत, चिखलाचे फोटो चिखलासारखेच दिसतात.

येत्या शनिवारी भोपळा आहे. खरा, अख्खा, लाल, बाजारातून उचलून आणायचाय, तो मुलांसमोर कापायचा, बिया त्यांनी काढायच्या, पुढे त्या बियांचं काय करायचं ते त्या दिवशी ठरेल. काल रात्रीच ग्रुपवर मेसेज आला, "ताई क्राफ्ट काय आहे, मुलांबरोबर काय पाठवू आणि ते काय घेऊन येतील?" मी लिहिलं, कपड्यांचा जादा जोड पाठवा, आणि येताना भिजलेला जोड घेऊन येतील.